हवेचा हिशेब

ऑगस्ट २०१६ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने अमेरिकी सरकारशी तडजोड केली आणि १ कोटी २० लाख डॉलरचा दंड भरायचे कबूल केले. सरकारचा मुख्य आक्षेप कंपनीच्या दुकानांतून सुट्या विकल्या जाणाऱ्या एका साधनावर होता. ‘स्क्रीमिन ईगल सुपर ट्यूनर’ हे त्याचे नाव. ते गाडीला जोडले की इंजिनात पेट्रोल किती सोडायचे आणि ठिणगी केव्हा पाडायची, हे मालकाला बदलता येई. मग ज्या धुराच्या चाचणीत पास होऊन गाडी रस्त्यावर आली होती, त्या चाचणीला अर्थच उरत नसे. हे साधन फक्त शर्यतीच्या गाड्यांसाठी आहे, असा कंपनीचा बचाव होता. पण २००८ पासून अशी सुमारे ३ लाख ४० हजार साधने विकली गेली होती. अमेरिकेत शर्यती कितीही होत असल्या, तरी एवढ्या हार्ले शर्यतीत पळत नाहीत हे कळायला वकील लागत नाही.

या आकड्यातून हौशी मोटारसायकलस्वाराचा स्वभावही कळतो. गाडी घरी आली की पहिली नजर जाते सायलेन्सरवर. हार्लेच्या मिलवॉकीत असो की कोल्हापुरात, कारण तेच. कारखान्याचा सायलेन्सर जड असतो, दिसायला ओबडधोबड असतो आणि मुख्य म्हणजे गप्प असतो. तो जातो, त्या जागी हलका, मोकळा सायलेन्सर येतो. पाठोपाठ ‘हाय-फ्लो’ एअर फिल्टर येतो. काही दिवस मजेत जातात. मग थ्रॉटल सोडला की मागून फटाके ऐकू येऊ लागतात. मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास गाडी क्षणभर अडखळते. रविवारच्या राइडला चहाच्या टपरीवर कोणीतरी बेंड पाइपचा निळा पडलेला रंग बघून निदान करतो, “लीन चाललीय रे. ट्यूनर टाक.”

निदान कधी खरे निघते, कधी सपशेल चुकीचे. औषध मात्र काही हजारांपासून लाखाच्या घरात जाते. म्हणून ते विकत घेण्याआधी मुळात काय बिघडले, किंवा काही बिघडले आहे का, हे पाहायला हवे.

पेट्रोल जळायला हवा लागते आणि तिचे प्रमाण रसायनशास्त्राने ठरवून दिले आहे. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. हवा याहून जास्त झाली तर मिश्रण ‘लीन’, कमी पडली तर ‘रिच’. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा इंजिनाला थोडे रिच मिश्रण मानवते, साधारण १३ च्या आसपास. जादा पेट्रोल बाष्प होताना आतली उष्णताही शोषून घेते आणि नॉकिंगचा, म्हणजे मिश्रण अवेळी आपोआप पेटण्याचा, धोका घटतो. उलट, गाडीच्या धुराड्यात बसवलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करतो तो १४.७ च्या अगदी जवळच. त्यामुळे संथ, एकसारख्या वेगात कारखाना गाडीला १४.७ पाशी बांधून ठेवतो आणि थ्रॉटल पूर्ण उघडला की ते बंधन सैल करतो.

कार्बोरेटरच्या काळात हे प्रमाण पितळेच्या जेटच्या भोकावर ठरत असे. यामाहा आरएक्स १०० चा सायलेन्सर बदलला की मिस्त्री मोठा जेट टाकायचा, दोन-चार किलोमीटर गाडी पळवून स्पार्क प्लग काढायचा आणि त्याचा रंग पाहायचा. पांढराफटक म्हणजे लीन, काजळी धरलेला म्हणजे रिच, विटकरी-तपकिरी म्हणजे जमले. मार्क डोबेक यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या डायनोजेट या कंपनीने अशा जेटचे संचच विकून नाव कमावले. पुढे याच कंपनीने गाडीची ताकद मागच्या चाकावर मोजणारा डायनो बाजारात आणला आणि नंतर ‘पॉवर कमांडर’ हा बहुधा जगातला सर्वांत ओळखीचा फ्यूल ट्यूनर.

मोटारसायकलीत इंजेक्टर आला तो १९८० च्या सुमारास. कावासाकीची झेड १००० एच ही त्या वाटेवरची सुरुवातीची गाडी. हार्लेने १९९५ मध्ये इंजेक्शन घेतले. भारतात रॉयल एनफील्डची क्लासिक ५०० इंजेक्शनसह २००९ मध्ये आली, पण तिची धाकटी ३५० मात्र आणखी दहा वर्षे कार्बोरेटरवरच धावली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले आणि आपल्याकडे नव्या गाड्यांतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता जेट बदलायचा प्रश्नच नाही. पेट्रोल किती सोडायचे ते ईसीयू ठरवतो, म्हणजे सीटखाली किंवा टाकीच्या आसपास दडलेला छोटा संगणक. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, एवढाच त्याचा हुकूम. सहा हजार फेऱ्यांना चार-स्ट्रोक इंजिनाचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत उरकते, म्हणजे हा सगळा कारभार तेवढ्या अवधीतच बसवायचा.

इथे एक गोम आहे आणि ट्यूनर निवडण्याचा सगळा विषय तिच्याभोवती फिरतो. बहुतेक मोटारसायकलींचा ईसीयू आत येणारी हवा प्रत्यक्ष मोजतच नाही. अनेक मोटारींमध्ये येणाऱ्या हवेचे वस्तुमान मोजणारा सेन्सर असतो. मोटारसायकलीत तो सहसा नसतो. ईसीयूला कळते ते थ्रॉटल किती उघडला, इंजिन किती फेऱ्यांनी फिरते आहे, इनटेकमध्ये दाब किती आहे आणि हवा किती गरम आहे. एवढ्यावरून हवेचा अंदाज बांधायचा आणि कारखान्यात भरून दिलेल्या तक्त्यात पाहून पेट्रोल सोडायचे. पंगतीत माणसे किती बसली हे न बघता गेल्या महिन्याच्या वहीवरून भात टाकणारा मेसचा आचारी असावा, तसा हा कारभार. जोवर माणसे तेवढीच आहेत तोवर कोणी उपाशी राहत नाही. सायलेन्सर आणि फिल्टर बदलले की पंगत वाढते. वही तीच राहते.

पण किती वाढते? बाजारातल्या जाहिराती आणि टपरीवरचे सल्लागार नेमका हाच प्रश्न गाळतात.

इंटरसेप्टर ६५० चे उदाहरण घेता येईल. ६४८ सीसीचे दोन सिलेंडरचे इंजिन, कारखान्याच्या आकड्यानुसार ४७ अश्वशक्ती. नोव्हेंबर २०१८ मध्ये भारतात आल्यापासून हिच्याइतकी हौसेने सजवली जाणारी गाडी क्वचित असेल. हिच्यासाठी अमेरिकेतल्या एस अँड एस सायकलपासून आपल्याकडच्या छोट्या कारागिरांपर्यंत अनेकांनी सायलेन्सर बनवले, ग्रीसच्या डीएनएने फिल्टर आणि एअरबॉक्सची मोकळी झाकणे बनवली. आता नुसता मागचा सायलेन्सर बदलला, ज्याला दुकानात स्लिप-ऑन म्हणतात, तर हवेच्या वाटेतला फार थोडा अडसर दूर होतो. गाडीचा आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. सिलेंडरमध्ये शिरणारी हवा मात्र किंचित वाढते. एअरबॉक्समध्ये नुसता कापडी फिल्टर टाकला तरी तसेच. हवा अडते ती फिल्टरच्या कागदापाशी कमी, डब्याच्या अरुंद तोंडापाशी जास्त. ते तोंड मोकळे केले, शिवाय बेंड पाइपसह पूर्ण धुराडे बदलले, की मात्र हिशेब खरोखर बदलतो. डब्याचे तोंड मोकळे झाले, की चाकणच्या धुळीतून रोज जाणाऱ्याने फिल्टर किती वेळा धुवावा लागेल याचाही विचार केलेला बरा.

सायलेन्सर विकणारे ‘बॅक प्रेशर’बद्दल बरेच काही बोलतात. इंजिनाला मागून दाब हवा असतो, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. प्रत्यक्षात धुराड्यातून दाबाच्या लाटा मागे-पुढे धावतात. योग्य क्षणी परतणारी लाट सिलेंडर रिकामा व्हायला मदत करते, अवेळी परतणारी अडथळा आणते. पाइपची लांबी आणि जाडी बदलली की ही वेळ बदलते. त्यामुळे नव्या धुराड्याने वरच्या फेऱ्यांना ताकद वाढते आणि मधल्या फेऱ्यांत खड्डा पडतो, हे वारंवार दिसते. असा खड्डा कुठलाही ट्यूनर पूर्ण बुजवू शकत नाही, कारण तो पेट्रोलच्या कमतरतेने पडलेलाच नसतो.

फटाक्यांचेही तसेच. थ्रॉटल बंद केला की ईसीयू पेट्रोल तोडतो किंवा अगदी कमी करतो. अर्धवट जळलेले मिश्रण गरम धुराड्यात जाते, तिथे त्याला ताजी हवा मिळाली की पेट घेते. ही ताजी हवा येते कुठून? पुष्कळदा सायलेन्सरच्या सांध्यातून, कारण बदलताना जुनेच गॅस्केट परत बसवलेले असते. काही गाड्यांत प्रदूषण कमी करण्यासाठी धुराड्यात मुद्दाम हवा सोडणारी व्यवस्था असते, तिथूनही. आणि मोकळ्या सायलेन्सरमधून आधीपासून होत असलेले फटाकेसुद्धा आता ऐकू येऊ लागतात. एका गॅस्केटने मिटणाऱ्या तक्रारीवर हजारो रुपयांचा ट्यूनर लावल्याची उदाहरणे गॅरेजवाले हसत सांगतात. ट्यूनर विकणारे ती सांगत नाहीत.

ईसीयू अगदीच आंधळा मात्र नसतो. धुराड्यात ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. बॉशने तयार केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये अमेरिकेसाठीच्या व्होल्वो मोटारींतून पहिल्यांदा बाजारात आला. धुरात ऑक्सिजन उरला आहे का, हे तो व्होल्टेजमधून सांगतो. रिच मिश्रणाला सुमारे ०.९ व्होल्ट, लीनला ०.१. या दोहोंच्या मध्ये तो झटकन उडी मारतो, आणि ही उडी नेमकी आदर्श प्रमाणापाशी पडते. त्याला फक्त एवढेच कळते, की मिश्रण या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे. किती दूर, हे कळत नाही. हा नॅरोबँड सेन्सर. रेषेपासूनचे अंतरही सांगणारा वाइडबँड सेन्सर वेगळा. तो महाग असतो आणि बहुतेक गाड्यांत कारखान्यातून येत नाही.

संथ वेगात ईसीयू या सेन्सरचे ऐकतो. लीन दिसले तर पेट्रोल वाढवतो, रिच दिसले तर घटवतो, आणि ही दुरुस्ती लक्षातही ठेवतो. याला क्लोज्ड लूप म्हणतात. म्हणूनच नुसत्या स्लिप-ऑनमुळे पडलेला फरक तो बहुतेक वेळा स्वतःच भरून काढतो. थ्रॉटल जोरात उघडला की मात्र ईसीयू सेन्सरकडे पाठ फिरवून तक्त्यावर विसंबतो, कारण त्या वेळी हवे असते १३ चे मिश्रण आणि नॅरोबँडला १३ कळतच नाही. लीन मिश्रणाची खरी भीती असते ती इथेच. घाटात, मागे माणूस बसलेला, चौथ्या गियरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडा, अशा वेळी पेट्रोल कमी पडले तर नॉकिंग होते आणि पिस्टनवर बेतते.

आता ट्यूनर. बाजारात डझनावारी नावे असली तरी कामाच्या रीती मोजक्याच आहेत, आणि नावापेक्षा रीत बघून निवड करणे शहाणपणाचे.

सर्वांत स्वस्त रीत म्हणजे ईसीयूला फसवणे. इनटेकमधल्या हवेचे तापमान सांगणाऱ्या सेन्सरच्या वायरीत एक छोटा जोड लावायचा, की ईसीयूला हवा आहे त्याहून गार वाटते. गार हवा दाट, तेव्हा तो पेट्रोल वाढवतो. डेन्मार्कचा बूस्टरप्लग याच रीतीचा. हवा सुमारे २० अंशांनी गार भासवून साधारण ६ टक्के पेट्रोल वाढवतो, असे त्याचे गणित आहे. गणित चुकीचे नाही. ३० अंश सेल्सियसची हवा १० अंशांची मानली तर तिची घनता ७ टक्क्यांनी वाढते. त्यात भर म्हणजे खऱ्या तापमानाबरोबर तो हलतो, अडून बसत नाही. अडचण दुसरीच आहे. तो सगळीकडे सारखेच पेट्रोल वाढवतो, मग तिथे गरज असो वा नसो. संथ वेगात ऑक्सिजन सेन्सर ते जादा पेट्रोल पकडतो आणि ईसीयू काढून घेतो. थंड इंजिन चालू होताना, एकदम थ्रॉटल उघडताना थोडा फायदा जाणवतो. कारखान्याने पेट्रोलात फारच काटकसर केलेल्या गाडीवर हा जोड चालून जातो. हाच जोड बाजारात काही रुपयांच्या रेझिस्टरच्या रूपातही मिळतो. तो कुठल्याही तापमानाला एकच ठरावीक आकडा सांगतो. तो न घेतलेला बरा.

दुसरी रीत, पिगीबॅक. ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये एक डबी बसते. ईसीयूचा हुकूम ती ऐकते आणि इंजेक्टरला तो थोडा वाढवून किंवा घटवून सांगते. जुन्या काळी अमेरिकेत कोब्राचा एफआय २००० असा होता. त्याला पेचकसाने फिरवायच्या छोट्या कळा होत्या. आता या डब्या तक्त्यावर चालतात. पॉवर कमांडर ५ मध्ये प्रत्येक २५० फेऱ्यांच्या टप्प्याला आणि थ्रॉटलच्या प्रत्येक स्थितीला पेट्रोल पूर्ण तोडण्यापासून अडीचशे टक्के वाढवण्यापर्यंत बदल करता येतो. बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचा पॉवरट्रॉनिक त्याच जातीचा, पण ठिणगीची वेळही बदलणारा. चाकणमध्ये बनणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमुळे तो महाराष्ट्रातल्या गॅरेजांत ओळखीचा झाला. त्याच कंपनीचे फ्यूलएक्स हे लहान भावंड फक्त इंधनापुरते.

पिगीबॅकचा मोठा गुण म्हणजे तो काढून ठेवता येतो. कनेक्टर सोडवले की गाडी पूर्ववत. सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी तो काढणारे अनेक आहेत. दोष असा, की ईसीयूला त्याचा पत्ताच नसतो. डबीने संथ वेगात ५ टक्के पेट्रोल वाढवले, तर ऑक्सिजन सेन्सर ओरडतो आणि ईसीयू ५ टक्के कमी करतो. दोघे एकमेकांना खेचत राहतात आणि मालकाचे पैसे त्यात जातात. काही ईसीयू ही शिकलेली घट पूर्ण थ्रॉटलच्या तक्त्यालाही लावतात, मग भलत्याच जागी मिश्रण लीन होते. म्हणून डबीबरोबर ऑक्सिजन सेन्सरचे काय करायचे, याचे उत्तर हवे. काही डब्या सेन्सरचा संदेशही स्वतःच हाताळतात, काहींबरोबर सेन्सर बंद करणारा जोड येतो. डबी घेताना दुकानदाराला विचारायचा पहिला प्रश्न हाच. त्याला उत्तर देता आले नाही, तर दुकान बदलावे.

तिसरी रीत फ्लॅशची. मध्ये डबी नाही. ईसीयूच्या आतला तक्ताच पुसून नवा भरायचा. डायनोजेटचा पॉवर व्हिजन, व्हॅन्स अँड हाइन्सचा फ्यूलपॅक एफपी ३ हे याचे ओळखीचे नमुने. एफपी ३ हार्लेच्या डायग्नोस्टिक पोर्टमध्ये बसतो आणि मोबाइलवरून चालतो. इथे दोन मालक नाहीत, भांडण नाही. इंधन, ठिणगी, फेऱ्यांची मर्यादा, थ्रॉटल सोडल्यावर पेट्रोल केव्हा तोडायचे, सगळे एकाच ठिकाणी बदलते. आपल्या गाडीचा ईसीयू फ्लॅश करता येत असेल आणि ते काम जाणणारा माणूस जवळ असेल, तर ही रीत सर्वांत स्वच्छ. पण दोन्ही ‘तर’ मोठे आहेत. नवे ईसीयू कुलूपबंद येतात. शिवाय असे साधन एका गाडीला एकदा जोडले की तिच्या क्रमांकाशी बांधले जाते. गाडी विकली तर साधन दुसऱ्या गाडीवर सहजी चालत नाही. सेकंडहँड ट्यूनर स्वस्तात मिळतो म्हणून घेणारे इथे फसतात.

राहिला पूर्ण ईसीयूच बदलण्याचा मार्ग. हार्लेवाल्यांसाठी थंडरमॅक्स हा असा पर्याय आहे; त्याला स्वतःचे वाइडबँड सेन्सर असतात आणि चालता चालता तो स्वतःला सुधारतो. सिलेंडरचा आकार वाढवला, कॅम बदलला, तर याचा विचार करावा. सायलेन्सर आणि फिल्टरसाठी हा खर्च म्हणजे पैसे फार झाल्याचे लक्षण.

रीत कुठलीही असो, शेवटी प्रश्न उरतो तक्ता कोणाचा. ‘तुमच्या सायलेन्सरसाठी तयार मॅप’ डाउनलोड करून मिळतो. तो बनवणाऱ्याने दुसऱ्या गाडीवर, दुसऱ्या हवेत आणि दुसऱ्या पेट्रोलवर बनवलेला असतो. यातले पेट्रोल आपल्याकडे विशेष महत्त्वाचे. भारतात २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पंपांवर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत जवळपास सगळीकडे तेच मिळू लागले. शुद्ध इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, प्रमाण ९ ला १. त्यामुळे ई-२० चे आदर्श प्रमाण १४.७ नसून सुमारे १३.५ आहे. साध्या पेट्रोलवर बनवलेला तक्ता जसाच्या तसा ई-२० वर वापरला तर पूर्ण थ्रॉटलला मिश्रण सात-आठ टक्के लीन पडते. सायलेन्सर बदलून जेवढा फरक पडतो, त्याहून हा फरक मोठा असू शकतो. अनेक स्वार ज्याचा दोष नव्या सायलेन्सरला देतात, त्यात पंपावरच्या नळीचाही वाटा असतो.

त्यामुळे आकडे वाचतानाही सावध राहावे लागते. वाइडबँडचा मीटर साधारणपणे साध्या पेट्रोलच्या मापात आकडा दाखवतो. ई-२० वर मीटर १४.७ दाखवतो तेव्हा खरे प्रमाण १३.५ असते. म्हणून ट्यूनिंग करणारे जाणकार लँबडा या मापात बोलतात. लँबडा १ म्हणजे जे इंधन असेल त्याचे आदर्श प्रमाण, ०.८८ म्हणजे बारा टक्के रिच. मग इंधन बदलले तरी भाषा बदलत नाही. डायनोवाल्याच्या तोंडी लँबडा आला, तर माणूस कामाचा आहे असे समजायला हरकत नाही.

डायनोच्या कागदाचेही थोडे. तिथे ताकद मागच्या चाकावर मोजली जाते, म्हणजे कारखान्याच्या आकड्याहून ती कमीच येणार. गिअर आणि चेन आपला वाटा घेतात. सकाळच्या गारव्यात आणि दुपारच्या उन्हात आकडे वेगळे येतात, ते दुरुस्त करायची सूत्रे आहेत, पण ती सगळे सारखी वापरत नाहीत. म्हणून कागदावरचा शेवटचा आकडा फारसा कामाचा नसतो. कामाची असते ती त्याच डायनोवर, त्याच दिवशी काढलेल्या आधीच्या आणि नंतरच्या रेषांची तुलना, आणि तिच्याखाली असायलाच हवी ती मिश्रणाची रेषा. ती नसेल तर तो कागद म्हणजे जाहिरात.

डायनो जवळ नसेल तर ऑटोट्यूनचा पर्याय आहे. धुराड्यावर नटासारखा तुकडा वेल्ड करून वाइडबँड सेन्सर बसवतात. तो रस्त्यावर मोजत जातो आणि तक्ता सुधारत जातो. सेन्सर धुराड्याच्या वरच्या अंगाला लावावा. खालून लावला तर साचलेले पाणी त्याच्यावर येते आणि तो मरतो. सांध्यातून हवा गळत असेल तर त्याला धुरात जादा ऑक्सिजन दिसतो आणि तो पेट्रोल विनाकारण वाढवत राहतो. पुन्हा गॅस्केटच.

हिमालयात जाणाऱ्यांना उंचीची काळजी असते. पाच हजार मीटरच्या वरच्या खिंडींत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याजवळ येतो. कार्बोरेटरची गाडी तिथे काळा धूर ओकते. इंजेक्शनची गाडी दाब मोजून पेट्रोल कमी करते, आणि पिगीबॅक त्या कमी केलेल्या पेट्रोलावरच आपली टक्केवारी लावतो. त्यामुळे चांगला तक्ता तिथेही चालतो. मुंबईत कसाबसा चालणारा रिच तक्ता मात्र तिथे प्लग काळे करतो.

राहिला कायदा. हार्लेने तडजोडीत दोष कबूल केला नाही, पण ते ट्यूनर विकणे थांबवले आणि दुकानांत उरलेला माल परत घेऊन नष्ट केला. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत फेरफार चालणार नाहीत. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला प्रत्येकी ५ हजार रुपये, आणि आवाज किंवा धुराच्या मर्यादा मोडल्यास १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्हींत कैदेचीही तरतूद आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत जप्त केलेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत येत असतात. रोलर चालतो तो सायलेन्सरवर, ट्यूनरवर नाही, कारण ट्यूनर सीटखाली असतो आणि आवाज करत नाही. पण ज्याचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बेंड पाइपबरोबर गेला, त्याची गाडी कुठल्याही तक्त्याने पुन्हा स्वच्छ होत नाही. रस्त्यावरच्या गाडीला असे कन्व्हर्टर नसलेले धुराडे लावूच नये. वॉरंटीचा प्रश्नही उरतोच. इंजिनाचे काही झाले तर कंपनी पहिले बोट या डबीकडेच दाखवणार.

तेव्हा फक्त स्लिप-ऑन लावला असेल आणि कन्व्हर्टर जागेवर असेल, तर बहुतेक गाड्यांना ट्यूनरची गरज नाही. नवे गॅस्केट टाका, सांधे तपासा, ईसीयूला दोन-तीन टाक्या पेट्रोल शिकू द्या. त्यात एअरबॉक्स मोकळा केला आणि पूर्ण थ्रॉटलला गाडी ओढत नसेल, तर आधी वाइडबँडवर मोजून घ्या. मोजमापात कमतरता दिसली, तर ऑक्सिजन सेन्सर नीट हाताळणारा पिगीबॅक किंवा जमत असल्यास फ्लॅश, जो तुमच्या शहरातल्या ट्यूनिंग करणाऱ्याला हाताळता येतो तो घ्या. परदेशी ब्रँडपेक्षा हे महत्त्वाचे. आणि सायलेन्सर बदलण्यापूर्वीच, गाडी कारखान्यातून आली तशी असताना, एकदा डायनोवर नेऊन तिची ताकदीची आणि लँबडाची रेषा काढून ठेवा.